भाषणात न आलेला पाण्याचा वाटा

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून केलेल्या भाषणात अनेक मोठे विषय होते. काश्मीर होते, संरक्षणदल प्रमुखाचे नवे पद होते, वाढत्या लोकसंख्येची चिंता होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्यांचीच चर्चा झाली. मराठवाड्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या मनात मात्र त्यातला पाण्याचा भाग घर करून राहिला. देशातल्या जवळपास निम्म्या घरांत पिण्याचे पाणी पोहोचत नाही, आयाबहिणींना डोक्यावर भार घेऊन दोन-दोन, पाच-पाच किलोमीटर चालावे लागते, हे पंतप्रधानांनी स्वातंत्र्यदिनी देशासमोर मान्य केले आणि साडेतीन लाख कोटी रुपयांच्या जलजीवन मिशनची घोषणा केली. प्रत्येक ग्रामीण घरी २०२४ पर्यंत नळ, असे त्याचे उद्दिष्ट ठरले. ते वर्ष उलटून गेले आणि फेब्रुवारी २०२५ मधल्या अर्थसंकल्पाने मुदत २०२८ पर्यंत वाढवली. नेत्याच्या भाषणाला नागरिकाने उत्तर द्यायचे, तर ते टाळ्या विरल्यानंतर आणि दिलेली मुदत संपल्यानंतर द्यावे, असे मला वाटते.

त्या भाषणाचे मोल मी कमी लेखत नाही. आमच्याकडे २०१६ चा उन्हाळा कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले, लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. या गोष्टी ज्या भागाने पाहिल्या, तिथे देशाच्या सर्वोच्च व्यासपीठावरून कोणीतरी हंड्याचे नाव घेणे ही लहान बाब नव्हती. आमच्या गल्लीतल्या एक मावशी ते भाषण टीव्हीवर ऐकून म्हणाल्या होत्या, "आज कुणीतरी आपलं बोललं बघा." आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या बाईने आडावर, हापशावर आणि टँकरमागे घालवली, तिच्या तोंडचे हे शब्द होते. राजकीय भाषणाची ताकद काय असते ते त्या दिवशी मला दिसले. जे दुःख घरातल्या बायकांचे म्हणून उंबऱ्याच्या आत ठेवले गेले होते, ते देशाच्या कारभाराचा प्रश्न झाले. पुढच्या महिन्यात, ७ सप्टेंबरला, औरंगाबादच्या महिला मेळाव्यात पंतप्रधानांनी समाजवादी नेते राममनोहर लोहियांची आठवण काढली. शौचालय आणि पाणी हे भारतीय स्त्रीचे दोन सर्वांत मोठे प्रश्न आहेत असे लोहिया म्हणत, हे त्यांनी सांगितले. वेगळ्या विचाराच्या नेत्याला असे श्रेय देणे मला मोकळेपणाचे वाटले होते आणि आजही वाटते.

माझा आक्षेप वेगळा आहे. त्या भाषणात पाणी देणारे सरकार होते आणि पाणी घेणाऱ्या आयाबहिणी होत्या; ज्याला पाणी सोडावे लागेल असा कोणीही त्यात नव्हता. मराठवाड्यात पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो, तोही खंड पडत पडत. खाली काळ्या बेसॉल्टचा खडक आहे आणि त्याच्या भेगांत जेवढे मावेल तेवढेच भूजल. अशा ठिकाणी एका घराच्या नळाला बारमाही पाणी द्यायचे, तर दुसऱ्या कुठल्या तरी वापरातून ते कमी करावे लागते. कोणाचा वापर कमी करणार, हे जे भाषण सांगत नाही, ते निम्म्यावरच थांबलेले असते. पाइप, टाकी, मोटार, मीटर या सगळ्या वस्तू पैशाने येतात. झऱ्याचे पाणी पैशाने वाढत नाही. ते वाटून घ्यावे लागते, आणि वाटप म्हटले की मतदार नाराज होतात.

आमच्या गावात योजनेचे काम झाले आहे. घराघरांसमोर सिमेंटचा छोटा ओटा, त्यावर उभी केलेली पाइपची दांडी आणि तिला बसवलेली तोटी आहे. पाण्याची उंच टाकी रंगवून तिच्यावर योजनेचे नाव लिहिले आहे. पोळा-गणपतीपासून संक्रांतीपर्यंत या नळांना पाणी येते, आणि ते येते तेव्हा गावातल्या बायकांचा सकाळचा जो वेळ वाचतो तो मी डोळ्यांनी पाहतो. शिमगा झाला की पाणी एक दिवसाआड येते, मग चार दिवसांनी, मग आठ दिवसांनी. चैत्रात योजनेच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. तहसीलमधून शेजारच्या शेतातली खाजगी विहीर किंवा बोअर अधिग्रहित केले जाते, तेही आटले की टँकर मंजूर होतो. तो टँकर गावच्या विहिरीत रिकामा केला जातो आणि मग दोर-बादली घेऊन सगळे काठावर उभे राहतात. नळ असलेल्या घरांपुढे तेव्हा निळी टिपाडे रांगेने मांडलेली असतात. पाणीपट्टी थकते, विजेचे बिल थकते, मोटारीची जोडणी तोडली जाते, आणि एखाद्या वर्षी विहिरीत पाणी असूनही त्याचा उपयोग होत नाही. सरकारी नोंदीत मात्र यातले प्रत्येक घर नळजोडणी मिळालेले घर असते, आणि तसे पाहिले तर ती नोंद खरीही असते, कारण जोडणी झालेली आहे.

त्याच भाषणात पंतप्रधानांनी गुजरातेतल्या महुडीच्या बुद्धिसागर महाराजांचा उल्लेख केला होता. किराणा दुकानात पाणी विकले जाईल असा दिवस येईल, असे शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवणाऱ्या त्या जैन मुनींची दूरदृष्टी त्यांना सांगायची होती. आमच्याकडच्या बाजारगावांत आणि मोठ्या खेड्यांतही आज आरओचे पाणी वीस लिटरच्या जारमधून विकले जाते. लग्नकार्य असो की दहावा-तेरावा, जार सांगितल्याशिवाय कार्य पार पडत नाही, आणि मजुरीवर जगणारे घरही पिण्यापुरता एखादा जार आणतेच. हे पाणी येते कुठून? त्याच गावच्या शिवारातल्या कोणाच्या तरी खोल बोअरमधून. सार्वजनिक योजनेची विहीर कोरडी आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरचे बोअर चालू, ही परिस्थिती आमच्या परिसरात अपवादाची नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेऊ नये, असा नियम महाराष्ट्राने १९९३ च्या कायद्याने केला. त्यानंतर २००९ चा अधिक व्यापक भूजल कायदाही आला. कायदा आहे, योजना आहे आणि पैसाही आला आहे. बोअर घेणाऱ्याला अडवण्याची वेळ येते तेव्हा सरपंच, ग्रामसेवक, तहसीलदार यांच्या पाठीशी उभे राहणारा राजकीय शब्द तेवढा मिळत नाही, आणि तो शब्द वरून आल्याशिवाय खाली कोणाची हिंमत होत नाही.

पंतप्रधानांनी जलसंधारणाला स्वच्छ भारत अभियानासारखे जनआंदोलनाचे रूप यावे, असे आवाहन केले होते. या आवाहनाशी मी मनापासून सहमत आहे, आणि म्हणूनच त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. श्रमदानाला आमचा भाग नवखा नाही. गावांनी श्रमदानाने जलसंधारणाची कामे करायची, अशी पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली राज्यातल्या ज्या तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यांत बीड जिल्ह्यातले अंबाजोगाई होते. भर उन्हात चर खोदणारी माणसे, सुट्टीत गावी येऊन टिकाव-फावडे उचललेली शहरातली मुले, ओळीने पाट्या पुढे सरकवणाऱ्या म्हाताऱ्या बायका, हे सगळे इथे घडले आहे. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानावर तर नऊ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला, आणि भूजलपातळी वाढवण्यात त्याचा परिणाम फारसा दिसत नाही, असा निष्कर्ष नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० साली काढला. या निष्कर्षावर वाद होऊ शकतो. पावसाचे प्रमाण, कामाची गुणवत्ता, गावागावांतला फरक यांवर बोलता येईल. माझे निरीक्षण एवढेच आहे की चरात मुरलेले पाणी गावाने मिळून मुरवले आणि ते उपसले मात्र ज्याच्याकडे खोल बोअर आणि मोठी मोटार होती त्याने. भूमिहीन मजुराने श्रमदान करावे, आणि वाढलेल्या पाण्यावर त्याच्या नावाचा एक लिटरही लिहिलेला नसावा, हे न्यायाचे नाही. आंदोलन लोकांचे असेल, तर पाण्याचा हिशोबही लोकांचाच असला पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली तेच केले. त्या गावाने पाणी अडवले एवढ्यावर न थांबता शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस लावायचा नाही, पाऊस कमी झाला तर पीक बदलायचे, असे ठरवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. म्हणजे कोणी काय सोडायचे, हे तिथे आधी ठरले. देशभरातले नेते हिवरे बाजारचे कौतुक करतात. कौतुकात पाणी अडवण्याची गोष्ट येते, बंदीची गोष्ट सहसा गाळली जाते.

गावापलीकडे पाहिले तर खोऱ्याचा प्रश्न उभा राहतो. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. दोन पंतप्रधान ज्या धरणासाठी मराठवाड्यात आले, ते शंभर टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक क्षमतेचे धरण अवर्षणाच्या वर्षी भरत नाही, कारण वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणे आहेत आणि पाणी आधी तिथे अडते. खोऱ्यातले पाणी वरच्या आणि खालच्या भागांत न्याय्य प्रमाणात वाटायचे, असा समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ साली झाला. या वाटपासाठी मेंढेगिरी समितीने २०१३ साली सूत्र दिले, मराठवाड्यातून लोक न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाटपाचे तत्त्व मान्य केले. ऑक्टोबरच्या मध्यावर जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, असे ते सूत्र होते. एवढे होऊनही २०२३ च्या हिवाळ्यात साडेआठ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा वरच्या भागात विरोध झाला, इकडे रास्ता रोको झाले आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. वरच्या शेतकऱ्यांची द्राक्षे आणि ऊस जळावा असे मला वाटत नाही. तेही माझ्यासारखेच लोक आहेत. पण नेमक्या अशा दिवसांत कोणत्याच राष्ट्रीय नेत्याला या विषयावर एक वाक्य बोलावेसे वाटत नाही, कोणत्याच पक्षाच्या, याचे मला दुःख होते. दोन्हीकडे मतदार आहेत, म्हणून दोन्हीकडे मौन आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळते आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजे. पाणी हा राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत ठेवलेला विषय आहे, त्यामुळे दिल्लीच्या नेत्याने जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या वाटपावर बोलणे योग्य नाही, असे म्हटले जाते. ते म्हणणे मला निम्मेच पटते. नाशिक-जायकवाडीचा निवाडा पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून द्यावा, अशी माझी अपेक्षा नाही. परंतु शेतकरी कोणते पीक घेणार, आणि म्हणून किती पाणी उपसणार, हे मोठ्या प्रमाणात केंद्र सरकारच्या निर्णयांनी ठरते. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे आपण ज्याला एफआरपी म्हणतो तो, केंद्र ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या त्या प्रमाणाला, तो क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यांवर आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण केंद्राचे आहे आणि त्याने उसाची मागणी आणखी पक्की केली. दुसऱ्या बाजूला सोयाबीनचा हमीभाव त्याच हंगामासाठी ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि लातूरच्या आडत बाजारात शेतकऱ्याने सोयाबीन त्याहून बऱ्याच कमी भावाने विकले. खरेदी केंद्र उशिरा सुरू होते, ओलाव्याचे कारण सांगून माल परत येतो, बारदाना संपतो. ज्याला दिवाळीपूर्वी देणेकऱ्याचे तोंड बंद करायचे असते, तो थांबू शकत नाही.

अशा स्थितीत मांजरा खोऱ्यातला शेतकरी उसाकडे वळतो, यात त्याचा लोभ शोधणे अन्यायाचे आहे. कायद्याने संरक्षण दिलेले एकच पीक त्याच्यासमोर आहे आणि नेमके तेच सर्वांत जास्त पाणी पिणारे आहे. कारखाने इथल्याच पुढाऱ्यांचे, सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांचे आहेत, हे खरे. पण ऊस केवळ पुढाऱ्यांमुळे टिकलेला नाही. मराठवाड्यात ऊस थांबवावा अशी शिफारस विभागीय आयुक्त कार्यालयाने २०१९ मध्येच, म्हणजे ज्या वर्षी ते भाषण झाले त्याच वर्षी, राज्याकडे केली होती. तिचे पुढे काही झाले नाही, आणि नुसती बंदी घातली असती तर मीही विरोध केला असता, कारण तुरीला, सोयाबीनला, हरभऱ्याला उसासारखीच खात्रीची खरेदी दिल्याशिवाय ऊस काढून घेणे म्हणजे शेतकऱ्याला उघड्यावर टाकणे आहे. येत्या पाच वर्षांत कोरडवाहू भागातला ऊस कमी करायचा आहे, त्याबदल्यात सरकार तुमची तूर हमीभावाने, ठरलेल्या दिवसांत खरेदी करील, असे लाल किल्ल्यावरून जो सांगेल त्याच्या भाषणात पाण्याचा वाटा आला, असे मी मानीन. त्या वाक्याला टाळ्या कमी मिळतील. पण आमच्या योजनेच्या विहिरीला चैत्रातले पाणी त्यातूनच मिळू शकते.

औरंगाबादच्या त्या सभेत पंतप्रधानांनी मराठवाडा वॉटर ग्रिडची प्रशंसा केली होती. विभागातली अकरा धरणे जलवाहिन्यांनी एकमेकांना जोडायची, असा तो प्रकल्प होता. सरकारे बदलली तशी त्याची व्याप्तीही बदलत गेली. मी त्याच्या बाजूचा किंवा विरोधातला नाही. अकराही धरणे एकाच वेळी रिकामी असतील त्या वर्षी वाहिन्यांतून काय वाहणार, हा साधा प्रश्न तेवढा आहे. ज्या शहरात ती सभा झाली, आजचे छत्रपती संभाजीनगर, तिथे जायकवाडी जवळ असूनही लोक आठवडा-आठवडा नळाची वाट पाहत आले आहेत, आणि १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेची पायाभरणी त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये झाली. जवळ पाणी असणे आणि पाणी मिळणे यांतले अंतर त्या शहराइतके कोणाला ठाऊक नाही. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीने तर उलटेच दाखवले: धाराशिव, बीड, लातूरमध्ये शेते खरडून गेली, जायकवाडीतून लाखो क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला लाखो घनफूट पाण्याचा, विसर्ग करावा लागला. तेवढ्या पाण्यानंतरही येणारा प्रत्येक उन्हाळा सुखाचा जाईल, असे इथला कोणी जाणता माणूस म्हणत नाही.

आता २०२८ ची नवी मुदत आहे. पंधरा कोटी ग्रामीण घरांपर्यंत, म्हणजे सुमारे ऐंशी टक्के ग्रामीण जनतेपर्यंत योजना पोहोचल्याचे अर्थसंकल्पात सांगितले गेले, आणि ही कामगिरी मोठी आहे. पण योजनेच्या स्वतःच्याच निकषानुसार माणशी रोज ५५ लिटर पाणी, नियमितपणे, मिळायला हवे. तेव्हा पुढच्या भाषणात जोडण्यांच्या आकड्यासोबत आणखी एक आकडा यावा, ही माझी मागणी आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत किती घरांच्या नळाला ५५ लिटर पाणी आले, एवढेच सांगावे. हा आकडा गोळा करायला नवे खाते लागत नाही. गाव 'हर घर जल' झाले, हे प्रमाणित करण्याचा अधिकार योजनेने ग्रामसभेलाच दिला आहे. महाराष्ट्रात वर्षभरात ज्या ग्रामसभा भरतात त्यांपैकी १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभांच्या वेळी विहिरी भरलेल्या असतात आणि तेव्हा कोणताही ठराव सहज मंजूर होतो. आमच्या गावातल्या काही जणांनी आणि मी ठरवले आहे की असा ठराव पुढे आला तर तो १ मेच्या ग्रामसभेसाठी राखून ठेवण्याचा आग्रह धरायचा, त्या सकाळी नळांना किती पाणी आले याची घरोघर नोंद करून ती सभेपुढे ठेवायची, आणि सहीचा अंगठा उठवण्याआधी ती नोंद वाचून दाखवण्याचे काम गल्लीतल्या बायकांकडे द्यायचे.